वेटर कुठं जेवतो ते बघा

परवा मैत्रीण म्हणाली, "तुला बऱ्या असल्या स्वस्त आणि चांगल्या खायच्या जागा सापडतात गं, आम्ही आपले त्याच त्या तीन हॉटेलांत फिरतोय." म्हटलं चला, एकदा लिहूनच टाकू. नशीब वगैरे काही नाहीये यात, माझी एक आगाऊ सवय आहे.

मी नव्या भागात गेले की हॉटेलं बघत नाही, हॉटेलात काम करणारी माणसं बघते. दुपारची गर्दी ओसरली की मेन रोडवरच्या हॉटेलांच्या मागच्या दारातून पोरं बाहेर पडतात, कोणी फोनवर बोलत, कोणी नुसतंच पाय मोकळे करत, आणि त्यातली एकदोन सरळ कुठंतरी चालायला लागतात, ती जेवायलाच. आता बऱ्याच ठिकाणी स्टाफला जेवण मिळतं हे मलाही माहितीये. पण ते मिळत असून किंवा नसून, दिवसभर किचनच्या वासात असलेला माणूस स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जिथं जातो ती जागा वाईट कशी असेल?

तसंच ड्रायव्हर, दुकानांतली सेल्सची मुलं, बांधकामावरचे लोक. यांना वेळ कमी, पैसे मोजके आणि भूक खरी. एकदा फसले तर दुसऱ्या दिवशी तिथं फिरकत नाहीत.

आधी मी पण रेटिंगवरच जायचे. एकदा ४.९ बघून एका कॅफेत गेले, आत मी आणि एसी दोघंच. कॉफी कोमट, ब्रेड फ्रिजमधून काढून तसाच समोर. नंतर नीट बघितलं तर सगळे मिळून पंचवीस-तीस रिव्ह्यू आणि बहुतेक एकाच आठवड्यातले, "अप्रतिम", "सुंदर अनुभव", "नक्की भेट द्या", आणि काय खाल्लं ते एकानेही लिहिलेलं नाही! तेव्हापासून पंचवीस लोकांच्या ४.९ पेक्षा पाचशे लोकांचं ४.२ मला जास्त खरं वाटतं. गूगल मॅप्सवर रिव्ह्यू 'नवीन आधी' असे लावायचे, मालकाने टाकलेले फोटो सोडून गिऱ्हाइकांचे बघायचे, त्यात कोणीतरी मेनूकार्डाचा फोटो टाकलेला असतोच, म्हणजे रेटही आधीच कळतात. आणि नुसतं 'कॅफे' सर्च करून थांबायचं नाही. नकाशा झूम करत करत गल्लीपर्यंत जायचं, लांबून न दिसणारी बारकी नावं तेव्हाच उगवतात.

'उत्तम हॉटेलं' छापाच्या याद्यांना मी सरसकट नावं ठेवत नाही हां. मिशलिन गाईड, म्हणजे भारी हॉटेलांना स्टार देणारं ते पुस्तक, १९०० साली टायरच्या कंपनीने काढलं, लोकांनी गाड्या घेऊन लांब लांब जावं, टायर झिजावेत म्हणून, आणि त्यांनाही १९९७ मध्ये 'बिब गुरमाँ' नावाची वेगळी खूण सुरू करावी लागली, माफक पैशात चांगलं खाऊ घालणाऱ्यांसाठी. म्हणजे स्टारवाल्यांनाही कळलं की रोज उठून कोणी स्टार खात नाही.

स्वस्त म्हणजे कमी दर्जाचं हे डोक्यातून काढायला मला वेळ लागला. मेन रोडच्या कोपऱ्यावरचं भाडं गिऱ्हाईकच भरतो, ताटातून. शिवाय तिथं येणारा माणूस पुन्हा येईलच असं नाही, त्यामुळे एकदा आला की घ्या वसूल करून. मागच्या गल्लीत तीच चाळीस-पन्नास तोंडं रोज येतात, तिथं आज मीठ जास्त झालं तर उद्या चारजण ऐकवतात. (म्हणून मागच्या गल्लीतलं सगळंच भारी असतं असं नाही, काही जागा रिकाम्या असतात त्या योग्य कारणानेच.)

आत गेल्यावर मी मेनू वाचते तो लांबी बघायला. चार टेबलं आणि दीडशे पदार्थ असतील तर सरळ विचार करा, एवढं सगळं रोज ताजं कोण करणार. फळ्यावर पाच गोष्टी आणि त्यातली एक दुपारीच पुसून टाकलेली, हे बघितलं की मी खुर्ची ओढते. संपतंय म्हणजे रोज नवीन होतंय. शिजवलेलं अन्न साधारण ५ ते ६० डिग्रीच्या मधे रेंगाळलं की जंतू भराभर वाढतात, त्यामुळे वाफ येतेय की नुसतं झाकून ठेवलंय एवढं तरी बघाच. तळण असेल तर तेल बघा, काळपट, फेसाळलेलं आणि डोळ्यांना झोंबणारं असलं तर पाणी पिऊन उठायचं, लाजायचं नाही.

कॅफेचं वेगळं. तिथं मी कान देते. ऑर्डर दिल्यावर ग्राइंडरचा घर्रर्र आवाज आला तर बरं, कारण दळलेल्या कॉफीचा वास काही मिनिटांतच उडायला लागतो, सकाळी डबा भरून ठेवला तर दुपारी उरतो फक्त कडूपणा. एस्प्रेसो साधारण २५ ते ३० सेकंदात उतरते, दहा सेकंदातच कप भरला तर पाणचट असणार हे ओठाला लावायच्या आधीच समजा. आणि दूध गरम करायची ती नळी दर वेळी लगेच ओल्या फडक्याने पुसतात का? नळीवर वाळलेलं दूध दिसलं की मी काळा चहा मागते.

एका कपावर किती वेळ बसायचं हा मोठा प्रश्न. लंडनला १६८० च्या दशकात एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाच्या कॉफी हाऊसमध्ये जहाजवाले आणि विमावाले इतके बसायचे की त्यातून पुढे लॉइड्सचा अख्खा विमा बाजार उभा राहिला. आपल्या हातून तसलं काही होणार नाहीये, तेव्हा छोट्या जागेत जेवणाच्या वेळी टेबल अडवायचं नाही, लॅपटॉप घेऊन जायचं असेल तर गर्दी नसताना जायचं आणि दुसरा कप मागवायचा.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. अशीच एका पोराच्या मागून निघाले, एप्रनची गुंडाळी काखेत, दोन गल्ल्या, एक वळण, तो एका बिनपाटीच्या दारात शिरला. आत चार टेबलं, एकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. त्याने काही सांगितलंच नाही, गल्ल्यावरच्या मावशींनी त्याचं ताट आणून ठेवलं. मी म्हटलं, यांना दिलं तेच मला द्या. तो वर बघून म्हणाला, "मॅडम, सकाळी तुम्ही आमच्याकडे होता ना? इकडे कशा?"

"तुमच्या मागे मागे," म्हटलं.

तो इतका हसला की ठसकाच लागला. मग घोटभर पाणी पिऊन हळूच म्हणाला, "जेवण इथंच करा रोज. कॉफी मात्र आमच्याकडेच प्या, इथली नको."

"ऐकू आलं हं मला," मावशी गल्ल्यावरून.