क्वेकर शाळेतल्या बाईंचा निरोप: माझा अनुभव

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या एका शाळेत माझी मुलगी बालवर्गात होती. तिच्या बाई 28 वर्षे तोच वर्ग शिकवून निवृत्त होणार असल्याचे कळले, तेव्हा निरोपाची तयारी करणाऱ्या समितीत मी आपणहून नाव दिले. मुलीच्या नावात ‘ळ’ आहे. शाळेच्या पहिल्याच दिवशी बाईंनी मला थांबवून घेतले होते आणि जीभ टाळूला नेमकी कुठे लावायची हे विचारत तो उच्चार आठ-दहा वेळा घोटला होता. अशा बाईंचा सत्कार यथासांग व्हावा, असे मला मनापासून वाटत होते.

पहिल्या बैठकीत मी शाल, मानपत्र आणि वर्गाच्या दारावर त्यांच्या नावाची पितळी पाटी असा प्रस्ताव मांडला. त्यावर सगळे गप्प बसले. मला तो नकार वाटला. पण कोणी बोलले की ते मनात मुरू द्यायचे आणि मगच दुसऱ्याने बोलायचे, ही क्वेकर बैठकीची रीत आहे. तिथे मतदान होत नाही. बैठक चालवणाऱ्या व्यक्तीला क्लर्क म्हणतात; सर्वांचे ऐकून सभेचा कल कुठे स्थिरावला आहे हे ती शब्दांत मांडते, आणि ते सर्वांना मान्य झाले तर ठराव तिथेच लिहून वाचून दाखवला जातो. आमचा विषय दोनदा पुढच्या बैठकीवर गेला.

हरकत होती एका ज्येष्ठ शिक्षिकेची. त्या स्वतः क्वेकर. त्यांनी सांगितले की 17व्या शतकात इंग्लंडमध्ये पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे सोबती न्यायाधीशापुढेही टोपी काढत नसत आणि थोरामोठ्यांनाही एकेरीच संबोधत, कारण माणसामाणसांतली मानाची उतरंड त्यांना मंजूर नव्हती, आणि त्यापायी त्यांनी तुरुंगवासही सोसला. या शाळेतली मुले शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात, त्यामागेही हाच समतेचा विचार आहे. मग पाटीवर एकट्या बाईंचे नाव कसे लावायचे?

मला हे लगेच पटले नाही. आमच्याकडे खांद्यावर शाल घालणे ही उतरंड नसून कृतज्ञता असते, असे मी तिसऱ्या बैठकीत म्हणाले आणि तेही तितक्याच शांतपणे ऐकून घेतले गेले. बऱ्याच वेळाने एका पालकांनी विचारले, बाईंना काय हवे आहे? आम्ही कोणीच ते विचारले नव्हते. बाईंनी कळवले की नेहमीचीच मौन प्रार्थनासभा व्हावी, फक्त जुन्या विद्यार्थ्यांनाही बोलवावे. ठराव त्याच दिवशी लिहिला गेला.

प्रार्थनागृहात व्यासपीठ नाही, चित्रे नाहीत. साधी लाकडी बाके आहेत. बाई पाच वर्षांच्या मुलांमध्ये बसल्या होत्या. कितीतरी वेळ फक्त मुलांच्या बुटांचा आवाज येत होता. मग एक उंच तरुण उभा राहिला. शाळेच्या पहिल्या आठवड्यात तो टेबलाखालून बाहेरच येत नव्हता, तेव्हा बाई त्याच्याशेजारी टेबलाखाली येऊन बसल्या आणि एक शब्दही बोलल्या नाहीत, एवढे सांगून तो खाली बसला. टाळ्या वाजल्या नाहीत. पुन्हा शांतता पसरली, आणि त्याचे ते दोन वाक्यांचे बोलणे त्या शांततेत सगळ्यांजवळ राहिले. मानपत्राच्या वाचनाने हे साधले नसते.

शेजाऱ्याशी हस्तांदोलन करून सभा संपवतात. बाहेर पडताना मी घडी घातलेली शाल बाईंच्या हातात दिली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि मुलीची चौकशी केली, तिचे नाव घेऊन, ‘ळ’ अगदी स्वच्छ उच्चारत.