जीपची बॉडी ओरिजिनल आहे का? आधी खाली वाका

इंदूरच्या आसपास विकायला निघालेल्या बहुतेक जुन्या जीपची कुळकथा एकच असते: महूच्या लष्करी छावणीतल्या लिलावातली, सिंगल ओनर, ‘पत्रा पूरा ओरिजिनल है’. महूची असेलही. पण फौजेच्या वर्कशॉपमध्येसुद्धा पत्रे बदलले जात, त्यामुळे लिलावाच्या कागदावरून बॉडीबद्दल काही ठरत नाही. इथे प्रश्न तीन आहेत. टब, म्हणजे बॉडीचा मुख्य सांगाडा, कारखान्यातला आहे का? तो याच चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी चौकटीवर, बसून आला का? आणि नंतर डेंटरचा हात किती लागला? विकणारा पहिल्याचं उत्तर देऊन तिन्हींचे पैसे मागतो.

जाताना टॉर्च, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, जाडी मोजायचं व्हर्नियर आणि एक बोथट पेचकस घ्या. गाडी धुऊन ठेवू नका, असं आधीच सांगून ठेवा. ताजं काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं, तर किंमत बोलण्याआधी ते दोन-तीन जागी खरवडायची परवानगी मागा. मिळाली नाही तर चहा पिऊन परत या.

सुरुवात खालून करायची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूच्या टबाखाली लांबीच्या दिशेने टोपीच्या आकाराचे चॅनेल असतात आणि कारखान्यातून येताना त्यांच्या पोटात लाकूड भरलेलं असे. हे लाकूडच पुढे घात करतं. ते पाणी धरून ठेवतं, वर माळव्याची काळी माती चॅनेलच्या कडेला चिकटते ती पावसाळा संपल्यावरही ओलीच राहते, आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. वरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. चॅनेलच्या टोकाशी पेचकस घालून बघा. कुजलेल्या लाकडाचा भुगा आला तर बॉडीसाठी ती वाईट बातमी, पण ओरिजिनल असण्याच्या बाजूने चांगला पुरावा. चॅनेलऐवजी अँगल किंवा चौकोनी पाइप दिसला तर तो स्थानिक डेंटरचा इलाज. आणि चॅनेल धारदार, स्वच्छ, आत लाकडाचा मागमूस नाही, तर टब नवा असू शकतो. फिलिपिन्समध्ये या गाड्यांचे हुबेहूब टब बनतात.

आता चासी. पुढच्या बंपरमागे, रेडिएटरच्या खाली आडवा मेंबर गोल पाइपचा असेल तर चासी विलिजची, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्डची. विलिजचा नंबर चासीच्या डाव्या रेलच्या, म्हणजे लांब तुळईच्या, आतल्या बाजूला पट्टीवर असतो. फोर्डचा डाव्या रेलच्या वरच्या अंगाला, इंजिन माउंटजवळ, थेट ठोकलेला असतो. मग मागे जा. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव दाबून उठवलेलं असे. 1942 मध्ये ते बंद झालं. म्हणजे 1944 च्या चासीवर नावाचा पत्रा दिसला तर दोघांचं लग्न नंतर लावलेलं आहे. 1944 पासून मात्र दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांना एकाच नमुन्याची बॉडी येऊ लागली, त्यामुळे त्या काळातल्या टबावरून विलिज की फोर्ड असा वाद घालू नये. ‘एफ’ छापाच्या बोल्टवर तर मुळीच भुलू नका. ते आता नवे विकत मिळतात, डॅशबोर्डवरच्या पट्ट्याही मिळतात.

आपल्याकडे दोन बनाव जास्त चालतात. पहिला: महिंद्राच्या युद्धानंतरच्या सीजे-3बी जीपला बसकं बोनेट आणि नऊ खाचांची जाळी लावून ‘वर्ल्ड वॉरची’ म्हणून विकणं. 3बीचं इंजिन उंच, म्हणून बोनेट उंच आणि काउल, म्हणजे काचेखालचा आडवा पत्रा, तोही उंच. बोनेट खाली आणायचं तर काउल कापावा लागतो, आणि डॅशखाली आरसा धरला की आडवी वेल्डिंग सापडते. शिवाय युद्धातल्या जीपला मागे उघडणारी फळी नसते, पेट्रोलचं तोंड ड्रायव्हरच्या सीटखाली असतं आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत झाकणाच्या टूलबॉक्स असतात. दुसरा बनाव खरं तर सोय होती: डावं स्टिअरिंग उजवीकडे नेणं. युद्धातल्या सगळ्या जीप डाव्या हाताच्या. डावीकडे पायाखालच्या पत्र्यात पेडलची आणि स्टिअरिंगची भोकं बुजवलेली दिसणारच. स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि डावीकडे एकही ठिगळ नाही, तर फ्लोअर तरी बदललाय किंवा आख्खा टब.

वेल्डिंग वाचायला फार वेळ लागत नाही. कारखान्याचा स्पॉट वेल्ड म्हणजे दोन्ही बाजूंनी उथळ गोल खळगी. डेंटरचं काम म्हणजे भोक पाडून भरलेला आणि ग्राइंडरने घासलेला टिकला, किंवा गॅस वेल्डिंगने लहरी झालेला पत्रा. कडेच्या आतून बोट फिरवा, हातोडीचे ठोके बोटाला कळतात. चुंबक मडगार्डच्या कडेपासून मध्याकडे सरकवा. जिथे पकड सुटते तिथे पुट्टी. पत्रा व्हर्नियरने दोन-तीन उघड्या कडांवर मोजा. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मिमी. आकड्यापेक्षा फरक बघा: एकाच टबाच्या दोन बाजूंना वेगळी जाडी आली की विषय संपला. लँड रोव्हरच्या जुन्या सीरिजवर चुंबक चिकटलं नाही म्हणून घाबरू नका, तिची बहुतेक कातडी अॅल्युमिनियमची असते.

रंगासाठी टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू निवडा. रुपयाएवढी जागा 600 च्या पाणी-कागदाने हलकी घासा, मग 1000 ने. थरांची कडी उमटतात: वर हल्लीचा हिरवा, मधे एखादा निळा किंवा पांढरा, तळाशी चमक नसलेला ऑलिव्ह आणि प्रायमर. हिरव्याखाली लगेच चकचकीत पत्रा निघाला तर गाडी पूर्ण घासून रंगवलेली आहे. खोटी असेलच असं नाही, पण पुरावा गेला.

हे सगळं नुसतं हौसेपुरतं नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ नंबर मालिकेत नोंदवता येते, पण चासी, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणून ठिगळांचा मूळ टब मी चकचकीत नव्या टबापेक्षा वरचा धरतो, आणि पैसेही त्याच हिशेबाने देतो. टब बदलणं टळणारच नसेल, तर जुना आख्खा लोहा मंडीत भंगारात देऊ नका. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि सीटमधला उभा पत्रा, बॉडी नंबरच्या पट्टीसकट कापून ठेवा.