पाच व्होल्टचा वारा
आज दुपारी वळवाच्या पावसात लाइट गेली ती थेट रात्री नऊला आली. आईला उकाडा अजिबात सोसत नाही. कपाटातला छोटा यूएसबी पंखा काढला, पॉवर बँकेला जोडला आणि तिच्या उशाशी ठेवला. पाच मिनिटांत तिचा डोळा लागला.

शेजारी बसून हिशेब मांडला. १०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-तास, म्हणजे १० अँपिअर-तासांची) बँक, आतली बॅटरी ३.७ व्होल्टची, म्हणजे ३७ वॅट-तास. पंखा खातो जेमतेम अडीच वॅट. यूएसबीसाठी ३.७ चे ५ व्होल्ट करताना थोडी वीज वाया जाते, तरी दहा तास सहज निघावेत. इन्व्हर्टर न परवडणाऱ्या घरात केवढी सोय आहे ही! उद्याच मावशीसाठीही एक आणते. तिच्याकडे तर रोजच लाइट जाते.