वारीचे पाय आणि केदारची चढण

केदारनाथला जायचं म्हटलं की आपल्याकडे पहिला हिशोब दिवाळीच्या सुट्टीचा मांडला जातो. तो सोडून द्या. देवळाची दारं भाऊबीजेच्या सकाळीच बंद होतात. 2024 मध्ये हा दिवस 3 नोव्हेंबरला आला, 2025 मध्ये थेट 23 ऑक्टोबरला. त्यानंतर देवाची डोली डोंगर उतरून उखीमठला जाते आणि हिवाळाभर पूजा तिथल्या ओंकारेश्वराच्या देवळात होते. दारं पुन्हा कधी उघडणार, तेही उखीमठलाच महाशिवरात्रीला जाहीर होतं. अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे, एवढं धरून चालावं.

म्हणजे वर्षातले सहा महिनेच हातात. त्यातले जुलै-ऑगस्ट पावसाचे आणि दरडींचे. मे-जूनमध्ये सगळा देश तिकडे लोटलेला असतो. माझं मत विचाराल तर सप्टेंबरअखेर ते दिवाळीआधीचा काळ सगळ्यात चांगला. आकाश धुतलेलं, गर्दी बेताची, थंडी मात्र कडक. आम्ही दसरा उलटल्यावर निघालो, कारण मावशीने बजावलं होतं, "घट उठल्याशिवाय मी घर सोडायची नाही."

मावशी आळंदी ते पंढरपूर पायी चालणारी. दिवे घाट ती अभंग म्हणत चढते. त्यामुळे घोडा, हेलिकॉप्टर हे शब्दच तिला चालेनात. "गौरीकुंडापासून सोळा किलोमीटर ना? मग त्यात काय!" प्रश्न किलोमीटरचा नव्हताच. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या आत-बाहेर आणि केदारनाथ 3,583 मीटरवर. आतकरवाडीतून सिंहगड साधारण सहाशे मीटरचा. तसे अडीचहून जास्त सिंहगड एकावर एक रचायचे आणि शेवटचा विरळ हवेत चढायचा. म्हणून निघण्याआधीचे रविवार सिंहगडावर गेले. पिठलं-भाकरी उतरल्यावर, चढताना नाही, हा नियम मावशीचाच.

यात्रा कंपनीचं वेळापत्रक आम्ही वाचलं आणि बाजूला ठेवलं. हरिद्वारहून निघा, दर्शन घ्या, परत या, मध्ये श्वास घ्यायला जागाच नाही. हरिद्वार ते सोनप्रयाग हा रस्ता देवप्रयाग, गढवालमधलं श्रीनगर, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी असा जातो आणि नकाशावर दिसतो त्याच्या दुप्पट वेळ खातो. कुठे दरड आली की सगळं जागच्या जागी थांबतं. परतीच्या रेल्वेच्या तिकिटाआधी एक-दोन मोकळे दिवस ठेवा. बाकी कशात काटकसर करायची ती करा. उत्तराखंड सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करावीच लागते, सोनप्रयागला ती तपासतात. खासगी गाड्याही तिथेच थांबतात आणि पुढचे पाच किलोमीटर गौरीकुंडापर्यंत तिथल्या जीपने. त्या जीपच्या रांगेतच वाटलं, आता यात्रा सुरू झाली.

पहाटे निघालो. पहिला टप्पा जंगलचट्टीपर्यंत झाडीतला, सोपा. त्रास चढाचा कमी, खेचरांचा जास्त. दगडी फरसबंदीवर लीद आणि पाणी मिळून हिरवट चिखल झालेला, त्यावर खेचरांचे नाल घसरतात आणि आपले बूटही. मागून "साइड! साइड!" ओरडत तांडा येतो तेव्हा डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. मावशी प्रत्येक खेचरवाल्याला "माऊली, जरा सांभाळून" म्हणत होती. एकाने वळून विचारलं, "माताजी, माउली कौन?" ती म्हणाली, "तू." तो हसला आणि खेचर आवरून घेतलं.

भीमबलीनंतर रामबाड्याला पूल ओलांडून वाट पलीकडच्या डोंगराला लागते. पूर्वी रामबाडा भरवस्तीचा मुक्काम होता. 16-17 जून 2013 च्या पुरात तो पुसला गेला. वर चोराबाडीचं तळं फुटलं आणि मंदाकिनी सगळं घेऊन खाली आली. नवी वाट त्यानंतरची, जुनीपेक्षा लांब आणि उभी. समोरच्या उतारावर जुन्या वाटेचे तुटके तुकडे दिसतात. तिथे सगळे थोडा वेळ थांबतात, फोटो काढणारेसुद्धा.

खरी परीक्षा लिंचोलीच्या नागमोडी चढणीची. इथे वारीची चाल कामाची नाही. वारीत दिंडीचा ताल तुम्हाला ओढून नेतो. इथे प्रत्येकाच्या छातीचा भाता वेगळा. मावशीला हे मान्य व्हायला वेळ लागला. मग पन्नास पावलं, थांबणं, दोन घोट पाणी, पुन्हा पन्नास. तिच्या पिशवीत कापराची पुरचुंडी होती, व्हॉट्सॲपच्या कृपेने. कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. बरं वाटतं, तेवढंच. डोकं दुखायला लागलं, मळमळ झाली तर वाटेवरच्या सरकारी उपचार केंद्रात दाखवायचं आणि बरं वाटेना तर खाली उतरायचं, हे मी तिला घरीच कबूल करून घेतलं होतं. पत्र्याच्या टपऱ्यांमध्ये मॅगी आणि चहा मिळतो आणि दोन्हींचे भाव उंचीबरोबर चढतात. सामान खेचरावरूनच येतं, त्यामुळे तक्रार करवत नाही.

वर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. संध्याकाळी शृंगारदर्शन लांबूनच होतं. म्हणून मुक्काम करा, त्याच दिवशी उतरायची घाई नको. देवळामागे भीमशिला आहे. त्या पुरात ही प्रचंड शिळा मागे येऊन अडली, पाणी दोन्हीकडे फाकलं आणि देऊळ वाचलं. रात्री सगळे कपडे अंगावर चढवूनही झोप तुकड्या-तुकड्यांत लागली. त्या उंचीवर तसंच होतं.

पहाटे दर्शनाच्या रांगेत दगडाची थंडी मोज्यांतून वर येत होती. सभामंडपात पांडवांच्या मूर्ती, आत ती त्रिकोणी शिळा, कथेप्रमाणे नंदीरूपातल्या शंकराच्या पाठीचं वशिंड. इथे पिंडीला तूप चोळतात. मावशीने घरचं साजूक तूप स्टीलच्या डबीत आणलेलं. ते पांढरं दगड झालं होतं. बोटाने निघेना. तिने डबी पदराखाली पोटाशी धरली, रांग सरकत राहिली आणि गाभाऱ्यात शिरेपर्यंत कडेचं थोडं सुटलं. तेवढंच तिने दोन्ही तळहातांनी शिळेला लावलं. पुजारी मागच्यांना पुढे ढकलत होते, पण तिला मिळाले ते क्षण तिने वाया घालवले नाहीत.

उतरताना दम लागत नाही, गुडघे बोलतात. काठी गौरीकुंडातच घ्या आणि खाली येईपर्यंत सोडू नका.

राखून ठेवलेले दिवस दरडीने खाल्ले नाहीत. मग काय, मावशीला पंचकेदारातला, म्हणजे केदारनाथसह शंकराच्या पाच देवळांपैकी, तुंगनाथ आठवला. 3,680 मीटर, म्हणजे केदारहूनही उंच, पण चोपत्यापासून चढण जेमतेम चार किलोमीटरची. उखीमठमार्गे जाणाऱ्या जीपमध्ये बसताच तिने ड्रायव्हरला विचारलं, "उधर घोडे है क्या?"

"हैं माताजी. बैठेंगी?"

"नहीं रे. रस्ता कितना गंदा होगा, वो देख रही हूँ."