आईच्या आजाराचे नाव कळेपर्यंत

दादरच्या घरी आई सकाळी रामरक्षा एकही श्लोक न चुकता म्हणते आणि दूध येऊन गेले का, हे तासाभरात चौथ्यांदा विचारते. तिचे वय ८७. पाच वर्षे हा विसर अगदी संथपणे वाढत होता. पहिल्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगून गोळ्या दिल्या आणि आम्हीही ते निदान पक्के धरले.

अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे अमिलॉइड हे प्रथिन काढून टाकणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाल्याचे भावाने वाचले. ते आईला मिळावे म्हणून आम्ही परळच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मात्र सगळे पहिल्यापासून तपासले. आईने चित्रांतल्या वस्तू ओळखल्या, घड्याळ बरोबर काढले. पण वीस मिनिटांपूर्वी आपल्याला एक गोष्ट सांगितली होती, हेच तिला आठवेना. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी साठवणारा भाग, खूपच आक्रसलेला दिसला.

अमिलॉइड आहे का, हे पाहण्यासाठी पाठीतून पाणी काढून तपासण्याचा निर्णय मला सर्वांत जड गेला. या वयात तिला गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर निजवायचे आणि मणक्यात सुई घालू द्यायची, हे मन घेत नव्हते. परंतु अमिलॉइड नसताना ते औषध दिले, तर उपयोग काहीच नाही आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका मात्र पत्करावा लागेल, हे डॉक्टरांनी समजावल्यावर मी सही केली.

अहवालात अमिलॉइडचा पुरावा नव्हता, म्हणजे हा अल्झायमर नव्हता. ‘लेट’ (इंग्रजी आद्याक्षरांचे LATE), म्हणजे अल्झायमरसारखाच वाटणारा उतारवयातला विसराचा आजार, हे नाव तेव्हा मी प्रथम ऐकले. संशोधकांनी ते २०१९ मध्ये सुचवले असून हा आजार मुख्यतः ऐंशीच्या पुढे दिसतो. टीडीपी-४३ नावाचे प्रथिन एरवी पेशीच्या केंद्रकात राहून काम करते. या आजारात ते केंद्रकाबाहेर साचू लागते, आधी अमिग्डाला या भावनांशी निगडित भागात, मग हिप्पोकॅम्पसमध्ये आणि पुढे मेंदूच्या पुढच्या भागात. म्हणूनच आईची स्मृती गेली, पण बोलणे आणि वागणे बरेचसे शाबूत राहिले. ते प्रथिन जिवंतपणी खात्रीने दाखवणारी तपासणी अजून नाही. निदानावर शिक्कामोर्तब मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर ‘संभाव्य लेट’ असे लिहिले, आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटले.

यावर आज औषध नाही. केवळ हाच आजार असेल तर तो सहसा अल्झायमरपेक्षा संथ चालतो, एवढा आधार आहे. आई निवृत्त शिक्षिका आहे आणि तिला वाचता उत्तम येते. म्हणून तिच्या खाटेसमोर मी फळा लावला आहे. ‘दूध आले, तापवले’ असे त्यावर रोज सकाळी लिहिते.