सोफ्यावरचा वाळलेला फेविकॉल: आधी थेंबभर पाणी टाकून बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे सोफ्यावर चिकट काहीही सांडलं की ‘फेविकॉल सांडलाय’ एवढंच सांगतात. शाळेच्या प्रोजेक्टचा पांढरा गम, गणपतीच्या आरासीतला ग्लू गनचा ठिपका, चप्पल चिकटवताना सुटलेला पिवळा सोल्यूशन, सगळं एकाच नावाखाली जातं. मग घरातलं कोणीतरी उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या कामावरून बाटलीभर थिनर आणतं आणि डागापेक्षा मोठा फिका गोल कापडावर कायमचा उमटतो.

म्हणून पहिल्यांदा ओळख. डागावर थेंबभर पाणी ठेवून पाचेक मिनिटं थांबा. काचेसारखा पारदर्शक थर दुधाळ होऊन नखाखाली दबू लागला, तर तो साधा पांढरा फेविकॉल. वाळल्यावरही तो पाणी ओढतो. काहीच फरक नाही आणि नखाने टिचकी मारली की टक् वाजतं, तर फेविक्विक. मेणासारखा लागतो, कडेला केसासारखे धागे सुटलेत, तर ग्लू गन. पिवळट-तपकिरी आणि अंगठ्याने घासला की खोडरबराच्या सालींसारखा वळतो, तो रबरी सोल्यूशन. पाण्यात टिकणारा वॉटरप्रूफ फेविकॉल मात्र या परीक्षेत फसवतो, तो फारसा पांढरा पडत नाही.

कुशनच्या कव्हरला चेन असेल तर कव्हर काढून आत स्टीलचं ताट सरकवा. चेन नसेल तर कापड जेमतेम ओलं होईल एवढंच पाणी वापरा. आषाढ-श्रावणात इथल्या हवेत फोम एकदा भिजला की दिवसेंदिवस वाळत नाही, वरून कोरडा वाटला तरी आतून कुबट वास येतो.

पांढऱ्या फेविकॉलसाठी कपभर कोमट पाणी, दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर, भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब. सुरुवातीला कोरडाच थर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने जेवढा निघेल तेवढा काढा. मग या पाण्यात पिळलेला पांढरा फडका डागावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं सोडा. थर मलईसारखा मऊ झाला की चमच्याच्या कडेने बाहेरून आत गोळा करा. आतून बाहेर घासलं तर डाग पसरतो. बहुतेक डागांना दोन-तीन वेळा हेच करावं लागतं. घाई करून ब्रश मारला की मऊ झालेला गम विणीत खोल जातो आणि वाळला की कापड कडक होतं. शेवटी साध्या पाण्याचा ओला फडका दाबा आणि पंखा लावा.

फेविक्विकला ॲसिटोन लागतो, पण फार थोडा. कापसाच्या काडीवर दोन-तीन थेंब, मिनिटभर दाबायचं, सुटलेला भाग टिपायचा, काडी बदलायची. ओढून काढू नका, धागाच तुटून येतो. रेक्झिनवर ॲसिटोन नको; वरची चमक आणि छपाई दोन्ही जातात. रंगीत नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्याचाच डाग राहतो. खिडक्या उघड्या हव्यात आणि देवघरातली समई विझलेली हवी, कारण ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते.

कुठलंही द्रव वापरण्याआधी सोफ्याच्या मागच्या खालच्या कडेला दहा मिनिटं चाचणी घ्या आणि पांढरा फडका दाबून बघा. इरकली खणाची कव्हरं असतील तर हे चुकवूच नका. गडद लाल किंवा निळा खण व्हिनेगरच्या पाण्यातही रंग सोडू शकतो. फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबा.

ग्लू गनचा ठिपका सगळ्यात सोपा. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून वीस-तीस मिनिटं दाबून ठेवा, ठिपका ठिसूळ होतो आणि बोथट सुरीच्या टोकाने उचलला की टपकन सुटतो. उरलेल्या पातळ थरावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा कडेने लावा. तो थर वितळवून कागदात उतरवायला इस्त्री करायची तर फक्त सुती कापडावर, मध्ये कोरा पांढरा कागद धरून, मंद आचेवर. वर्तमानपत्र धरलं तर शाई कापडावर उतरते. मखमल आणि पॉलिस्टरवर इस्त्री नकोच. लव दबून चपटा चट्टा पडतो.

रबरी सोल्यूशन आधी बोटाने वळून काढा, मग फडक्यावर थोडंसं टर्पेंटाइन घेऊन पाच मिनिटं दाबा. थर निघतो, पिवळा चट्टा बऱ्याचदा राहतो. स्टिकरचा चिकटपणा रेक्झिनवर असेल तर खोबरेल तेल आणि मग साबणाचा फडका पुरे. कापडावर तेल लावाल तर दुसरा डाग काढायला बसाल.

एम-सील किंवा दोन ट्यूबांचा इपॉक्सी वाळला असेल तर द्रवांच्या मागे लागू नका. त्याला विरघळवण्याइतकं तिखट काही लावलं तर कापड आधी जाईल. तेवढा तुकडा कापून, सोफ्याच्या तळाकडचं त्याच ताग्याचं कापड काढून ठिगळ लावायला कुशनवाल्याला सांगा.