काकांचा क्रोमोसोम रिपोर्ट आणि लॅबची डोकेदुखी

कॅरिओटाइपिंगचं, म्हणजे क्रोमोसोम तपासायचं, सॅम्पल देताय ना, मग ट्यूबचं झाकण हिरवं आहे का बघा. हिरवं म्हणजे हेपॅरिन, रक्त गोठू न देणारं. जांभळी ट्यूब सीबीसीला ठीक, पण क्रोमोसोम बघायला पेशी जिवंत लागतात आणि लॅबमध्ये त्यांचं विभाजन व्हावं लागतं.

काकांच्या पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या, स्प्लीन वाढलेली, फ्लो सायटोमेट्री (पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत ते सांगणारी तपासणी) वगैरे पटापट उरकलं. फ्लोमध्ये मॅच्युअर टी-सेल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, दिसल्या. डॉक्टर म्हणाले टी-पीएलएल वाटतोय, टी-सेलच्या ल्युकेमियाचा फार दुर्मिळ प्रकार आहे, पण शिक्कामोर्तब करायला १४ नंबरचा क्रोमोसोम बघावा लागेल. त्याचा एक तुकडा तुटून उलटा बसतो, मग टीसीएल-१ हा जीन टी-सेल रिसेप्टरच्या जीनपाशी येतो आणि एरवी मॅच्युअर टी-सेलमध्ये जो बंद असायचा तो चालूच राहतो. बहुतेक पेशंटमध्ये हेच सापडतं, थोड्या जणांत एक्स आणि १४ ची अदलाबदल.

आता लॅबची गंमत. फॉर्मवर कलेक्शनवाल्या मुलाने निदानाच्या रकान्यात नुसतं 'ल्युकेमिया' लिहिलं आणि त्यांनी सरळ सीएलएल या दुसऱ्याच ल्युकेमियाचं फिश पॅनेल लावलं, म्हणजे १३, १२, ११ आणि १७ नंबरच्या क्रोमोसोमवर चमकणाऱ्या खुणा लावून बघणं. त्यात ११ वरचं एटीएम डिलीशन, म्हणजे एटीएम नावाचा जीन गायब असणं, पॉझिटिव्ह आलं आणि खाली शेरा, सीएलएलशी सुसंगत! अहो सीएलएल बी-सेलचा आजार, आमचा फ्लो ओरडून सांगतोय टी-सेल, आणि एटीएम तर टी-पीएलएलमध्येही जातं. १४ बघितलाच नाही. काउंटरवर विचारलं तर "मॅडम, ल्युकेमियाला आमच्याकडे हेच पॅनेल असतं." कॅरिओटाइपच्या कागदावर 'मेटाफेज मिळाले नाहीत' (म्हणजे क्रोमोसोम दिसतील अशा, विभाजन होणाऱ्या पेशी नाहीत), बास, एवढंच. का नाही मिळाले ते कोणी सांगेना, फोन या टेबलावरून त्या टेबलावर, आणि इकडे काकू रोज संध्याकाळी विचारणार, आला का गं रिपोर्ट. शेवटी हट्टाने आतल्या सायंटिस्ट बाईंशीच बोलले. त्या दोन मिनिटांत म्हणाल्या, कल्चरला बी-सेलचं विभाजन सुरू करणारं औषध घातलंय, टी-सेलला त्यासाठी पीएचए हे औषध लागतं. आणि हे मला बिलिंगवाल्याने "रिपीट करायचं तर पूर्ण चार्ज" असं ऐकवून झाल्यावर कळतंय!

मग डॉक्टरांकडून त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं: टी-पीएलएल संशय, पीएचए कल्चर, टीसीएल-१ ब्रेक-अपार्ट फिश (तो जीन जागेवरून तुटलाय का ते बघणारी). असं नेमकं तुम्हीही लिहून घ्या. आणि सॅम्पल सोमवारी सकाळी द्या, शनिवारी दिलेलं कुरियरमध्ये पडून राहतं. या वेळी रिपोर्ट स्वच्छ आला, १४ चं इन्व्हर्जन (तोच उलटा बसलेला तुकडा), शिवाय ८ नंबरमध्ये गडबड, तीही या आजारात नेहमीची. डॉक्टर म्हणाले "तुम्ही मागे लागलात म्हणून झालं", तेव्हा खरं सांगते, कॉलर जरा ताठ झाली.

आता अलेम्टुझुमॅब हे औषध सुरू आहे, टी-सेलवरच्या सीडी-५२ या प्रोटीनला धरणारं. त्याने प्रतिकारशक्ती पार खाली जाते, म्हणून सीएमव्ही या व्हायरसची तपासणी ठरल्या वेळी करायचीच, टाळू नका.

हो, एक राहिलं. चुलतभावाने घाबरून विचारलं, आम्हालाही हे क्रोमोसोम आलं असेल का? नाही. हा बदल जन्मतः नसतो, आयुष्यात पुढे कधीतरी त्या कॅन्सरच्या पेशींमध्येच झालेला असतो, एखादा दुर्मिळ आनुवंशिक आजार घरात असेल तर गोष्ट वेगळी. पहिल्या रिपोर्टचे पैसे मात्र लॅबने अजून परत केलेले नाहीत, मेल टाकणं चालू आहे.